मूठभर कोदोची लेक

आमच्या खपरीडीहमध्ये बिसाहिन नावाची एकच बाई आहे. हे नाव कुणी हौसेनं ठेवत नाही. दगडू, धोंडू ही नावं ज्या भीतीपोटी ठेवतात, त्याच भीतीतून हेही आलेलं. तिच्या आधीची दोन भावंडं अंगावर पीत असतानाच गेली होती. म्हणून ही जन्मली तेव्हा तिच्या आजीनं तिला सुपात घातलं आणि उकिरड्याच्या कडेला नेऊन ठेवलं. टोपल्या विणणाऱ्या एका बाईनं मूठभर कोदो, म्हणजे गरिबाघरचं भरड धान्य, देऊन तिला विकत घेतलं. बिसाहिन म्हणजे विकत घेतलेली. मग त्या बाईनं, "माझी आहे, तुम्ही सांभाळा," असं म्हणून ती परत आईच्या ओटीत घातली.

मरण दाराशी येतं आणि विचारतं, अमक्याचं मूल कुठं आहे. घरातले म्हणतात, इथं अमक्याचं मूल नाही, हे दुसऱ्याचं आहे, आम्ही नुसतं सांभाळतो. मरण आल्या पावली परत जातं. त्याला खोटं ओळखता येत नाही असा आमच्याकडचा समज आहे. मात्र एकदा मूल परत दिलं, की घेणारीनं त्या घरचा उंबरा ओलांडायचा नाही आणि मुलाला शिवायचं नाही, कारण तिचा माग काढत मरण पुन्हा यायचं. मुलाचा दुधाचा पहिला दात पडला, की आई मुलाला घेऊन तिच्याकडे जाते, पायलीभर तांदूळ देते आणि मूल कायमचं आपलं करून घेते.

बिसाहिनला ती भेट आठवते. "त्या बाईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत निघून गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही. मला वाटलं, काय खडूस बाई आहे."

मी इथल्या शाळेत शिकवलं आणि निवृत्तीनंतर इथंच राहिले. माझं घर बिसाहिनच्या मैत्रिणीच्या, मनटोराच्या अंगणासमोर आहे, त्यामुळे पुढचं बरंचसं मी माझ्या ओसरीतून पाहिलेलं आहे. जे पाहिलं नाही ते बिसाहिननं सांगितलं. तीही फार बोलणारी नाही. तांदूळ निवडत बसली की एखादं वाक्य बोलते आणि पुन्हा निवडू लागते.

मनटोरा आणि बिसाहिन एकाच माहेरच्या. एक शेतकऱ्याची मुलगी, दुसरी केवटाची. लहानपणी श्रावणात टोपलीत पेरलेल्या गव्हाचे पिवळे कोंब तळ्यावर न्यायचे, ते एकमेकींच्या कानावर खोवायचे, की त्या दोघी जन्मभराच्या भोजली होतात. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, भोजली म्हणायचं. रस्त्यात भेट झाली तर आधी "सीताराम, भोजली" म्हणायचं, मग बाकीचं. भोजलीशी भांडण करणं पाप. पुढे दोघींची लग्नं याच गावात, याच बंधवापाऱ्यात झाली. पारा म्हणजे गावातली एक वस्ती. तीजेच्या सणाला मनटोराचा भाऊ धनसाय माहेरी न्यायला यायचा, तेव्हा दोन लुगडी आणायचा. बिसाहिनला सख्खा भाऊ नव्हता, पण भोजलीचा भाऊ तो आपलाच. दोघी त्याच्या बैलगाडीत मागे पाय सोडून बसायच्या आणि वेशीपर्यंत त्यांचं हसणं ऐकू यायचं.

बिसाहिनला मूल झालं नाही. नवरा भिलाईला कामाला गेला आणि तिथल्या एका बाईच्या हातात बांगड्या भरून तिकडचाच झाला. सासू मात्र सुनेजवळ राहिली आणि सुनेच्या हातचं पाणी पिऊन गेली. त्यानंतर त्या घरात एकच ताट धुतलं जाऊ लागलं.

पाऱ्यानं मितानीन निवडली ती बैठक माझ्या शाळेच्या व्हरांड्यात झाली. मितानीन म्हणजे आपल्या वस्तीतल्या आयांवर आणि लेकरांवर लक्ष ठेवणारी बाई, वस्तीनंच निवडलेली. कोण होणार असं विचारल्यावर सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. तेव्हा मनटोरानं बोट दाखवलं आणि म्हणाली, "माझी भोजली." मागून कुणीतरी बोललं, "बरोबर आहे, तिला काय, घरी ना लेकरू ना नवरा, हिंडायला मोकळी." बिसाहिन हसली. तिच्या त्या हसण्यात राग नव्हता. कोपऱ्यातली वस्तू कुणीतरी कामाची म्हणून उचलावी, तसं काहीतरी होतं.

काम तिनं फार मनापासून केलं. प्रशिक्षणातलं ती कधी भाषणासारखं बोलली नाही. बाळंतिणीच्या घरी गेली की आधी कोपरापर्यंत हात धुवायची, चुलीशी बसून ते शेकायची आणि मग पालथ्या हातानं बाळाचं पोट बघायची, नंतर तळपाय. पोट गरम आणि पाय गार, तर बाळाला थंडी वाजतेय, आईच्या छातीशी धरा. पोटही गार, तर मग बोलत बसायचं नाही, डॉक्टरकडे निघायचं. ताजव्यात लेकरू घालायला बायका बिचकत, कारण ताजव्यात धान आणि मासळी घालतात, लेकरू नाही. त्यावर तिनं आपली युक्ती काढली होती. बाळाला स्वतः काजळाचा ठिपका लावायची आणि मोठ्यानं म्हणायची, "चला, कोचईचा कांदा किती भरतोय बघू." कोचई म्हणजे अळू. गावभरची लेकरं कोचईचे कांदे, भोपळे आणि जिमीकांदे झाली होती. आया हसत आणि हसता हसता वजन होऊन जाई.

तिचं सगळ्यात अवघड घर तिच्या भोजलीचंच होतं, कारण तिथं डोकरीदाई होती. आमच्याकडे आईला दाई म्हणतात. मनटोराच्या या सासूला सगळा पारा डोकरीदाई म्हणे. कंबरेत वाकलेली, पण जिभेनं ताठ. चालरीत तिच्या तोंडून निघाली की तीच शेवटची. तिच्या घरी लेकरू जन्मल्याबरोबर आंघोळ घालत, मग पौष असो की वैशाख. पहिलं चिकाचं दूध पिळून टाकत. बाळंतिणीला छठीपर्यंत काढ्यावर ठेवत आणि सहाव्या दिवशीची छठी होईपर्यंत मायलेकरांना उंबरा ओलांडू देत नसत.

मनटोराचा मुलगा रिखीराम माझा विद्यार्थी. त्याच्या बायकोचं, दुलौरिनचं पहिलं मूल वीटभट्टीवर गेलं, तिकडे लांब, त्याची फक्त बातमी आली. दुसरं इथं झालं. बिसाहिन पहिल्या दिवशी गेली, ठिपका लावला, वजन केलं. दोन दिवसांनी हात लावला तर पोट गार आणि मूल दूध ओढेना. ती दारात उभी राहून मनटोराला म्हणत होती की आत्ता नेलं तर वाचेल. आतून डोकरीदाईचा आवाज आला, "छठीच्या आधी लेकरू उंबरा ओलांडत नाही." बिसाहिन मनटोराकडे बघत राहिली. मनटोरा म्हणाली, "ती नाही म्हणते. मी काय करू, भोजली?"

छठीच्या आदल्या दिवशी मूल गेलं.

मग डोकरीदाई अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली की मासळीसारखं ताजव्यात लटकवलं, वांझेचा हात लागला, दुसरं काय होणार. मनटोरानं तसं म्हटलं नाही. पण तसं नाही, असंही म्हटलं नाही.

त्यानंतर त्या दोघींचं बोलणं थांबलं, तेही आमच्याकडच्या रीतीनंच. भेट झाली तर सीताराम म्हणावंच लागतं, न म्हणणं पाप, म्हणून मनटोरा भेटच होऊ द्यायची नाही. तळ्याकडे जाताना ती वडाकडून वळसा घेऊ लागली. आणि भोजलीला वळसा पडतो म्हणून बिसाहिननं तळ्यावर जायची आपली वेळच बदलली. गल्ली मोकळी राहायची. मी ओसरीतून बघायची, आधी एक बाई हंडा घेऊन जाई, बऱ्याच वेळानं दुसरी.

तीजेला धनसाय आता मोटारसायकलवर आला. मनटोराला मागे बसवून बिसाहिनच्या दारावरून गेला. पिशवीतून एकाच लुगड्याचा काठ दिसत होता. बिसाहिन ओसरीत वाती वळत होती. गाडी गेल्यावरही वळत राहिली. तीजेला गावातल्या सुना माहेरी जातात, घरंच्या घरं ओस पडतात. तिच्यासारखी मागे राहिलेली बाई त्या दिवशी गावात एकटीच असते.

पुढे दुलौरिनला तिसऱ्यांदा दिवस गेले, ते बिसाहिनला तिच्या चालण्यावरूनच कळलं. त्या घरात ती जाऊ शकत नव्हती, पण त्या घराची मितानीन तीच होती. तिनं शेजारच्या पाऱ्याच्या मितानीनला, कुमारीला गळ घातली. कुमारी मोठ्या आवाजाची, हसरी बाई. ती जाऊन यायची आणि सांगायची, "चहा छान देतात ग. गोळ्यासुद्धा घेतल्या. पण आंघोळीचं काढलं की डोकरी बहिरी होते." बिसाहिन तिला पुन्हा पाठवायची. चिकाचं सांग, छातीशी धरायचं सांग, बाळंतिणीला भात द्यायला सांग. कुमारी वैतागून एकदा म्हणाली की त्या घरानं तुला दारात उभं केलं नाही आणि तू त्यांच्यासाठी माझे पाय झिजवतेस. बिसाहिन म्हणाली, "डोकरीशी माझं काही नाही. ते लेकरू गार पडून जाऊ नये, एवढंच." हे एकच तिच्या डोक्यात होतं. तिसरंही त्याच वाटेनं जाणार हे तिला दिसत होतं आणि तिला दारातही उभं राहता येत नव्हतं.

पौषातली सकाळ होती. ऊन नुकतं भिंतीवरून खाली उतरलं होतं. बिसाहिन तांदळाची जाड भाकरी घेऊन बसली होती. तेवढ्यात दारात मनटोरा येऊन उभी राहिली.

"सीताराम, भोजली."

बिसाहिननं हातातला घास खाली ठेवला. "सीताराम, भोजली. आत ये."

"आत यायला वेळ नाही. बहू बाळंत झाली, उजाडताना. मुलगी. दिवस भरले नव्हते, एवढीशी आहे."

"रडली?"

"रडली. मांजराच्या पिल्लासारखी."

"आंघोळ घातली?"

"डोकरी पाणी तापवतेय. या खेपेला विकायची म्हणते. आधी आंघोळ, मग विक्री." मनटोरा थांबली. "गावात विकली गेलेली आणि जगलेली तूच एक आहेस म्हणते. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला देणार नाही."

"डोकरी म्हणते. आणि तू?"

मनटोरा खाली बघत म्हणाली, "मी बोलवायला आले ना."

बिसाहिन उठली. कोठीच्या तळाशी बियाण्याचं म्हणून ठेवलेलं कोदो होतं, त्यातलं मूठभर पदराच्या टोकाला बांधलं. मग साबण घेऊन हात धुऊ लागली. मनटोरा दारात पाय बदलत होती. "भोजली, चल ना." बिसाहिन म्हणाली, हात तर धुऊ दे. चालता चालता तिनं फोन करून दवाखान्याची गाडी मागवली. मनटोरानं ते ऐकलं आणि ती भरभर चालू लागली.

अंगणात तोवर पाऱ्यातल्या बायका जमल्या होत्या, मीही गेले होते. उकिरड्याच्या कडेला सूप, सुपात कोंडा आणि वर जुनं धोतर अंथरलेलं. पातेल्यातून वाफ निघत होती. एक बाई फडक्यात गुंडाळलेलं मूल घेऊन उभी होती. गर्दीत कुणी बिसाहिनकडे सरळ बघत नव्हतं.

"काय ग, माल बघून घेणार का?" डोकरीदाई म्हणाली.

"बघूनच घेणार, दाई. पण ओला माल मी घेत नाही."

"म्हणजे?"

"आंघोळ घातलेली नको. आली तशी दे. धुणं-पुसणं माझं मी बघीन."

"बिनआंघोळीचं लेकरू विकायचं? लोक काय म्हणतील?"

"बाजारात भाजी ओली करून विकतात, तेव्हा लोक काय म्हणतात ते आठव."

दोन-तीन बायका हसल्या. डोकरीदाईही बाजारात भाजी विकून म्हातारी झालेली, तिला हसू आवरावं लागलं. तिनं मान हलवली आणि मूल सुपात ठेवायला सांगितलं. ते सुपाला टेकतं न टेकतं तोच बिसाहिननं कोदो डोकरीच्या पदरात ओतलं आणि मूल उचललं. फडकं बाजूला करून तिनं ते आपल्या लुगड्याच्या आत, छातीला लावून घेतलं. आतल्या आत तिचा हात फिरलेला मला दिसला. आधी पोट, मग पाय. तिचा चेहरा बदलला.

सगळ्या जणी वाट बघत होत्या. आता ती "तुम्ही सांभाळा" म्हणणार आणि मूल परत देणार. तिनं दिलं नाही.

"गाडी येतेय. मी हिला डॉक्टरकडे नेते."

"छठीच्या आधी लेकरू उंबरा ओलांडत नाही," डोकरीदाई म्हणाली. शब्द तेच, आवाजही तोच.

"कोणत्या घरचं लेकरू, दाई?"

"आमच्या..." म्हातारी थांबली. तिच्या मुठीत पदर होता आणि पदरात कोदो.

"तुझ्या घरचं कुठं राहिलं? माझ्या लेकराला तुझा उंबरा कशाला आडवा येईल? माझा उंबरा तिकडे तळ्याच्या बाजूला आहे. तो तर हिनं अजून बघितलेलाही नाही."

कुणीतरी विचारलं, आणि बाळंतीण? तिला तरी कसं नेणार?

"गाय घेतली की वासरू मागून येतं," बिसाहिन म्हणाली. "मी वासरू घेतलंय. गाय मागून येईल."

मी डोकरीदाईकडे बघत होते. आयुष्यभर तिनं चालरीत इतरांसमोर भिंतीसारखी धरली होती, आणि आता तीच भिंत तिच्यासमोर उभी होती. ती मोडायची तर कोदो परत करावं लागलं असतं, आणि कोदो परत केलं तर लेकरू पुन्हा या घरचं झालं असतं, मरणाला सापडेल असं. तिनं पदराची गाठ मारली. "विकणाऱ्यानं विकल्यावर बोलू नये," म्हणाली आणि चुलीपुढे जाऊन बसली.

दुलौरिनला बोलवायला कुणी आत जाण्याआधीच ती भिंत धरत बाहेर आली होती. "मी येते," एवढंच म्हणाली. उंबऱ्याशी तिचा पाय अडखळला तेव्हा मनटोरानं तिला धरलं आणि पलीकडे नेलं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मूल तपासलं आणि ठेवून घेतलं. आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरायचं, थोडं थोडं पण पुन्हा पुन्हा पाजायचं, आईनं पोटभर जेवायचं. जेवण बिसाहिन स्वतः भरवी. दुलौरिनला झोप लागली की मूल आपल्या छातीशी घेऊन भिंतीला टेकून बसे. त्याबद्दल ती एकदाच बोलली. "बहनजी, तिचं काळीज माझ्या काळजावर टकटक करत होतं. इतक्या जोरात माझं दार कुणी वाजवलं नव्हतं."

मूल घरी आलं तेव्हा छठी होऊन गेली होती. बिसाहिननं ते अजून परत केलं नव्हतं. केव्हा करायचं याचा नेम नाही, बहुतेक जणी लगेच करतात एवढंच. आता ती मालकीण म्हणून रोज त्या घरात जाऊ लागली. कुमारी चिडवायची, "निघाली मालकीण वसुलीला." घरात पाऊल टाकलं की ती लेकराला हात लावण्याआधी दुलौरिनला विचारायची, आज पाय कसे आहेत? तूच बघ, मला सांग. पाजताना कसं धरायचं, लस कुठली झाली आणि कुठली राहिली, जुलाब लागले तर पाण्यात मीठ-साखर किती, हे सगळं ती दुलौरिनकडून करवून घेई. मनटोराकडूनही. डोकरीदाई लांबून बघायची. पण मनटोराच्या हातून मिठाची चिमूट जास्त पडली तेव्हा म्हातारीच ओरडली, "एवढं नाही ग, काल काय सांगितलं तिनं?"

आंब्याला मोहोर आला, गेला, कैऱ्या झाल्या. मूल मान धरू लागलं, बिसाहिनचा आवाज ओळखू लागलं. तिनं परत देण्याचं नाव काढलं नाही आणि त्या घरानंही नाही. मला वाटतं, तिच्या आयुष्यातले तेच दिवस असे होते, की सकाळी उठल्यावर कुठं जायचं हे ठरलेलं असे.

एके दिवशी ती गेली तेव्हा दुलौरिननं लेकराला दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलं होतं. "सकाळी पाय गार लागले म्हणून घेतलं. आता तुमची लेक बरी आहे," ती म्हणाली. तुमची लेक. तिचं आजवरचं बोलणं असंच होतं, तुमच्या लेकीनं दूध टाकलं, तुमची लेक हसली. बिसाहिनला ते त्या दिवशी ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी परत देते म्हणाली तेव्हा कुमारीला पटलं नाही. "कुणी मागितलंय का? जात राहा अशीच. एकदा दिलीस की दात पडेपर्यंत बघायलाही मिळायची नाही."

"मला रोज जावं लागतं, म्हणजे मी त्यांना काही शिकवलंच नाही," बिसाहिन म्हणाली. मग हळूच म्हणाली, "आणि तिची आई तिला 'माझी' म्हणत नाही ग अजून."

तिनं लेकराला दुलौरिनच्या ओटीत घातलं आणि म्हणाली, "माझी आहे, तुम्ही सांभाळा." डोकरीदाईनं मुलीचं नाव केजा ठेवलं. केजा म्हणजे धान्याच्या बदल्यात आलेली. बिसाहिन उंबऱ्याबाहेर पडली. तिच्या पाठोपाठ मनटोरा अंगणाच्या टोकापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

पुढची वर्षं अशी गेली. केजाच्या घरी कुमारी जायची. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत पाऱ्यातली सगळी लेकरं बिसाहिनच्या मांडीवर येत, ती त्यांचे हात धरी, त्यांना कोचईचा कांदा म्हणे. केजाची पाळी आली की उठून खिडकीशी जाई आणि बाहेर बघत उभी राही. मागून रडणं ऐकू आलं की तिच्या पाठीवरून कळायचं. आता मनटोरा वडाचा वळसा घेत नव्हती. समोरासमोर यायची, "सीताराम, भोजली" म्हणायची, पण कडेवरच्या केजाचं तोंड पदरानं झाकून घ्यायची. बिसाहिन सीताराम म्हणे, पदराकडे न बघता. तीजेला धनसाय पुन्हा दोन लुगडी आणू लागला. बिसाहिन लुगडं घेई, पण जात नसे. त्या दिवसांत गावच्या लेकी आपली पोरं घेऊन माहेरी येतात, पाणी बदलतं, जुलाब लागतात, मितानीननं गाव कसं सोडायचं, असं म्हणायची. ते खरंही होतं.

डोकरीदाई गेली. जाताना म्हणाली म्हणे, दात पडला की तांदूळ विसरू नका.

मी परवा बिसाहिनच्या ओसरीत बसले होते तेव्हा त्या आल्या. पुढे दुलौरिन तांदळानं भरलेलं सूप घेऊन, मागे मनटोरा आणि तिचं बोट धरून केजा. परकराला चिखल लागलेला, समोरचा दात पडलेला. बिसाहिन उठून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली.

मनटोरा म्हणाली, "हिनं तुला विकत घेतलं होतं."

"केवढ्याला?" केजानं विचारलं.

"मूठभर कोदोला."

"बस? आमची कोंबडीसुद्धा जास्तीला जाते." मग तिनं बिसाहिनला नीट न्याहाळलं. "मग परत का दिलं? मी रडायची?"

"नाही. तू शहाणी होतीस. तुझी आई घरी वाट बघत होती."

"आणि तुला नको होते मी?"

दुलौरिननं तिला गप्प केलं. बिसाहिन खाली बसली आणि म्हणाली, "पाय दाखव बघू." केजानं पाय पुढे केला. बिसाहिननं दोन्ही हात एकमेकांवर घासले आणि पालथा हात तिच्या तळव्याला लावला. केजा खिदळून मागे सरली. "काय बघतेस?"

"गार आहेत का ते."

"उन्हातून चालत आलेय. गार कसे असतील?"

"नाहीत. चांगले गरम आहेत."

दुलौरिननं तांदळाचं सूप तिच्यासमोर ठेवलं, वाकून पाया पडली आणि केजाला म्हणाली, "चल, माझ्या लेकी." केजा तिच्याआधीच अंगण ओलांडून पळाली होती. मनटोरा थोडी रेंगाळली, उद्या तळ्यावर येशील ना म्हणाली, आणि पोरगी तळ्याच्या बाजूला पळतेय हे बघून घाईनं तिच्या मागे गेली.

त्यांचे आवाज वळणावर गेले. बिसाहिन अजून तशीच बसली होती, पालथा हात मांडीवर ठेवून.

"बहनजी," ती म्हणाली, "पाणीसुद्धा विचारलं नाही मी तिला."

तिनं सुपातले तांदूळ बोटांनी पसरले, त्यातला एक खडा काढून अंगणात टाकला.

"तुम्ही जेवायला थांबा. एवढ्या तांदळाचं मी एकटी काय करू?"